जिम्मा: सांगलीतली एक नेपाळी मुलगी आणि परत आलेली प्रत्यार्पणाची फाइल

फिर्यादीत आरोपी क्रमांक ३ चा उल्लेख असा होता: 'दिदी, पूर्ण नाव माहीत नाही, रा. नेपाळ.' बाकीचे दोन आरोपी इथलेच होते. एक घरवाली, म्हणजे धंदा चालवणारी बाई, आणि एक मिरजेचा एजंट. दोघांचेही पत्ते, आधार आणि मोबाइल नंबर फिर्यादीत होते. जिने मुलीला तिच्या गावातून उचलून सांगलीपर्यंत आणले, तिच्या वाट्याला मात्र ही एवढीच ओळ आली होती.

सांगलीच्या न्यायालयात पीडितांच्या बाजूने उभी राहणारी मी वकील. सरकारी वकिलांना मदत करणे, मुलीचे म्हणणे तिच्या शब्दांत कागदावर येते आहे का ते बघणे, हे माझे काम. मुलीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आणि तारखा बदलून लिहिते आहे. कायद्याची गुंतागुंत मात्र होती तशीच ठेवली आहे, कारण अशी फाइल उद्या दुसऱ्या कुणाच्या टेबलावर येईल आणि तिथेही पहिला विचार 'आरोपी तिकडून आणू' हाच असेल. आमचाही तोच होता, आणि त्यात मुलीचे सात महिने गेले.

छापा

सांगली–मिरज रस्त्यालगतच्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये लहान मुलगी ठेवली आहे, ही खबर गोकुळनगरमधल्या, म्हणजे सांगलीतल्या वेश्यावस्तीतल्या, एका वयस्क बाईने दिली. याचे बाहेरच्यांना आश्चर्य वाटते, मला वाटले नाही. सांगलीत धंद्यातल्या बायकांची संघटना उभी राहून आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली. 'संग्राम' १९९२ पासून इथे काम करते, 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' १९९६ पासून. स्वतःच्या मर्जीने राहणारी बाई कोण आणि कोंडून ठेवलेली पोर कोण, हे या बायकांना पोलिसांपेक्षा आधी कळते. ही वस्ती म्हणजे गुन्हेगारांचा अड्डा, असे धरून जे छापे पडतात त्यांत अशा खबरी देणारी माणसेच आपण गमावतो.

बनावट गिऱ्हाईक पाठवून, पंच घेऊन, महिला उपनिरीक्षकांनी छापा टाकला. मुलगी सापडली. तिच्याजवळ कागद एकही नव्हता. तिला थोडे हिंदी येत होते, मराठी अजिबात नाही. ठाण्यात पहिला प्रश्न निघाला तो तिच्यावरच परकीय नागरिक कायद्याचे कलम लावायचे का, हा. ते तिथल्या तिथे थांबवले. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० चा शांतता व मैत्री करार आहे, दोन्हीकडच्या नागरिकांना ये-जा खुली आहे, त्यामुळे व्हिसा नाही हा तिचा गुन्हाच होत नाही. शिवाय केंद्रीय गृह मंत्रालयाने १ मे २०१२ च्या सूचनेत स्पष्ट म्हटले आहे, की परदेशी बाई अपव्यापाराची, म्हणजे माणसांच्या खरेदी-विक्रीची, बळी आहे असे तपासात दिसले तर तिच्यावर परकीय नागरिक कायद्याखाली खटला भरू नये. उपनिरीक्षक मॅडमनी ती सूचना छापून फाइलला लावली. या पुढच्या प्रवासात त्या कागदाने तिला तीनदा वाचवले.

गुन्हा नोंदला तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० खाली, सोबत पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ ला आली, त्याआधीचे हे प्रकरण, म्हणून कलमे जुनीच.

'जिम्मा'

पहिला जबाब मार्केट यार्डाजवळच्या एका नेपाळी वॉचमनच्या मदतीने घेतला होता. त्यात असे वाक्य होते: 'दिदीने माझी जबाबदारी मालकिणीकडे सोपवली व ती निघून गेली.' वाचून पोटात गोळा आला. बचावाच्या वकिलाला यापेक्षा चांगले वाक्य मिळाले नसते. एखादी मावशी भाचीला नात्यातल्या बाईकडे ठेवून गेली, असाच त्याचा सूर.

दुभाष्या बदलायचा ठरला. आमच्या जिल्ह्यात त्याला एक वेगळीच वाट आहे. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाईवाले सोने-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरले आहेत. गोरखपूरला वीस-बावीस वर्षे काढून गावी परतलेले एक शेठ सापडले. सीमेपलीकडचे गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता ते नेपाळी शिकले होते. ते मुलीशी तासभर बोलले. बाहेर आले आणि म्हणाले, "वकीलबाई, ही पोर 'जिम्मा लगाइन्' म्हणतीया. जिम्मा लावला म्हंजी ताबा दिला. खरसुंडीच्या जत्रंत बैलाचं दावं हातात देत्यात बगा, तसं. आता पैसं कुणी मोजलं, त्ये इचारा की तिला."

विचारले. पैसे तिच्यासमोर मोजले होते. कुठल्या खोलीत, कुणी, कोणत्या रंगाच्या पिशवीतून काढून, सगळे तिला आठवत होते. कुणी विचारले नव्हते म्हणून तिने सांगितले नव्हते, आणि 'विकले' हा शब्द स्वतःबद्दल उच्चारायची तिला लाज वाटत होती. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब झाला तेव्हा शेठ दुभाषे होते. त्या जबाबात 'जिम्मा लगाइन्' हे मूळ नेपाळी शब्द अवतरणात आहेत, पुढे मराठी अर्थ, आणि त्यापुढे पैशांचा तपशील.

प्रवासाचा मार्गही त्याच जबाबातून उलगडला. चायनीजच्या गाड्यावर काम आहे, महिन्याला पगार घरी पाठवता येईल, असे दिदीने आई-वडिलांना सांगितले. सुनौलीवरून सीमा ओलांडली. 'माईती नेपाळ' सारख्या संस्थांच्या बायका नाक्यांवर एकट्या मुलींची चौकशी करतात, म्हणून दिदीने तिला आधीच पढवून ठेवले होते की आत्याबरोबर चालले आहे असे सांग. पुढे गोरखपूर, दिल्ली, आणि गोवा एक्सप्रेसने मिरज. १,७०० किलोमीटरहून लांब, पासपोर्टशिवाय मोकळी असलेली ही सीमा. लाखो गरीब माणसे तिच्यावरून पोटापाण्याला ये-जा करतात. ती बंद करा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. बंद सीमेवर दलालाचा भाव फक्त वाढतो.

वय

खटल्याचा सगळा भार वयावर होता. सज्ञान व्यक्तीच्या अपव्यापाराला कलम ३७० खाली किमान सात वर्षे, अल्पवयीन मुलीच्या अपव्यापाराला किमान दहा वर्षे ते जन्मठेप, आणि अल्पवयीन असेल तर वर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. मिरजेत हाडांची तपासणी झाली, अहवाल आला '१७ ते १९ वर्षे'. अशा अहवालाचा उपयोग दोन्ही बाजू करतात आणि निकाल कुणाच्याच बाजूने लागत नाही. बाल न्याय कायद्याचे कलम ९४ सांगते की आधी शाळेचा किंवा जन्माचा दाखला बघा, तो नसेल तरच वैद्यकीय चाचणी. म्हणून तिच्या गावच्या वडा (वॉर्ड) कार्यालयातून जन्मदर्ता, म्हणजे जन्मनोंद, मागवली.

दाखला आला. जन्म: विक्रम संवत २०६२, माघ. आमच्याकडे कुणीतरी सरसकट ५७ वजा केले आणि २००५ लिहिले. त्या हिशेबाने छाप्याच्या दिवशी, म्हणजे २०२३ च्या श्रावणात, ती साडेअठरा वर्षांची ठरत होती. दोषारोपपत्राच्या मसुद्यातून पॉक्सोची कलमे गळायला लागली होती.

हे मला संक्रांतीमुळे लक्षात आले. नेपाळचे महिने सौर आहेत. आपली मकरसंक्रांत म्हणजे त्यांचा १ माघ, 'माघे संक्रांती'. त्यांचे वर्ष एप्रिलच्या मध्यावर सुरू होते. म्हणजे वैशाखापासून साधारण पौषाच्या मध्यापर्यंत ५७ वजा करायचे, आणि तिथून चैत्राअखेर ५६. २०६२ चा माघ म्हणजे २००६ चा जानेवारी-फेब्रुवारी. मुलगी साडेसतरा वर्षांची होती. महिन्याचे नाव आपल्यासारखेच असल्यामुळे कुणाला शंका आली नाही. नेपाळी कागदपत्रांवर काम करणाऱ्या प्रत्येक ठाण्यात हा हिशेब भिंतीवर लावावा असे मला मनापासून वाटते. एका वजाबाकीवर तीन वर्षांची शिक्षा आणि एक अख्खा कायदा अवलंबून होता.

दिल्लीला गेलेली फाइल

आता आरोपी क्रमांक ३. मुलीच्या आणि घरवालीच्या मोबाइलमधून दिदीचा नेपाळी नंबर आणि दोन फोटो मिळाले. गावाकडच्या एका संस्थेच्या मदतीने पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि जिल्हा कळला. मॅडम जिद्दीच्या. त्यांनी अजामीनपात्र वॉरंट घेतले, फरारी घोषित करण्याची प्रक्रिया केली आणि प्रत्यार्पणाचा, म्हणजे आरोपी त्या देशाकडून मागून घेण्याचा, प्रस्ताव तयार केला. अधीक्षक कार्यालय, गृह विभाग, तिथून दिल्ली असा त्याचा मार्ग. प्रत्यार्पण कायदा, १९६२ च्या कलम १९ प्रमाणे परदेशाकडे मागणी करायचा अधिकार फक्त केंद्र सरकारचा, आणि ती जाते राजनैतिक मार्गाने, परराष्ट्र मंत्रालयाकडून. सांगलीचा तपासी अंमलदार काठमांडूला पत्र लिहू शकत नाही.

मी तेव्हाच करार काढून वाचायला हवा होता. वाचला तो फाइल गेल्यावर.

भारत–नेपाळ प्रत्यार्पण करार २ ऑक्टोबर १९५३ चा. त्यात गुन्ह्यांची ठरावीक यादी आहे, आणि 'मानवी अपव्यापार' असा स्वतंत्र गुन्हा त्या यादीत नाही. हे एक वेळ भरून काढता येते. जानेवारी २००२ मध्ये काठमांडूला सार्क देशांनी वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या स्त्रिया व मुलांच्या अपव्यापाराविरुद्ध करार केला, त्याने हे गुन्हे प्रत्यार्पणयोग्य मानले आहेत. पण १९५३ च्या कराराचे दुसरे कलम त्याहून अवघड आहे. मागणी करणाऱ्या देशाचा जो नागरिक नाही, तो माणूस सोपवायला, मोजके अपवाद वगळता, दुसरा देश बांधील नाही. म्हणजे नेपाळमध्ये पळालेला भारतीय आरोपी भारत मागू शकतो. नेपाळी आरोपी नेपाळने द्यावा असे बंधन नाही. दिदी नेपाळची नागरिक होती.

इथे बांगलादेशचे उदाहरण ठेवावेसे वाटते, कारण पोलीस ठाण्यात 'शेजारी देश' म्हणून सगळे एकाच पारड्यात घातले जातात. बांगलादेशाशी आपला प्रत्यार्पण करार २०१३ चा आहे. त्यात यादी नाही. दोन्ही देशांत किमान एक वर्षाची शिक्षा असलेला गुन्हा पुरतो, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर पुराव्याचा गठ्ठा न देता सक्षम न्यायालयाचे अटक वॉरंट दिले तरी मागणी करता येते. आरोपीवर आपल्याच न्यायालयात खटला चालवतो, असे म्हणून नकार द्यायची मुभा तिथेही आहे. पण मागणी करायला जागा आहे. सांगलीत सापडलेली मुलगी खुलना जिल्ह्यातली असती, तर मॅडमचा प्रस्ताव तितकाच कष्टाचा आणि बराच जास्त उपयोगाचा ठरला असता.

फाइल काही महिन्यांनी शेऱ्यासह परत आली. शेरा कराराच्या त्याच कलमाचा होता. मॅडमना फार लागले. "ताई, तिनं विकली आणि ती घरी बसून फोन बघतेय," एवढेच त्या म्हणाल्या.

सात महिने

या सगळ्या काळात मुलगी कुठे होती? बालकल्याण समितीच्या आदेशाने मुलींच्या शासकीय निवासात. घर-चौकशीचा अहवाल नेपाळहून दोन महिन्यांत आला होता. आई-वडील तिला घ्यायला तयार होते. तरी तिला पाठवले नाही, कारण आम्हाला भीती होती. प्रत्यार्पण होईल, ओळखपरेड लागेल, साक्ष लागेल, आणि एकदा गेली की ती परत येणार नाही. 'आम्हाला' म्हणताना मी त्यात आहे. तिला इथेच ठेवावे या अर्जावर मीच सही केली होती.

तिथे येऊन पंधरा दिवसांत ती सगळ्यांना 'ताई' म्हणायला शिकली. 'दिदी' हा तिचा स्वतःच्या भाषेतला शब्द तिने कुणासाठीच वापरला नाही. सहाव्या महिन्यात तिने जेवण कमी केले. समुपदेशक बाईंना तिने विचारले, "मालकिणीकडून मला पोलिसांनी सोडवलं. आता तुमच्याकडून कोण सोडवणार?" हे वाक्य मला फोनवर कळले आणि दुसऱ्या दिवशी मी अर्ज मागे घेतला.

नेपाळी मुली परत जाण्याचा इतिहास तसाही दुखरा आहे. १९९६ मध्ये मुंबईच्या छाप्यांत शेकडो मुली सापडल्या. त्यांतल्या नेपाळी मुलींना घ्यायला तिथले सरकार सुरुवातीला पुढे आले नाही, आणि शंभरावर मुली अखेर संस्थांनी मायदेशी नेल्या. आता दोन्हीकडे व्यवस्था बरी आहे. मग उशीर आपल्याकडून होता कामा नये.

उलटी वाट

फाइल परत आल्यावर मी नेपाळचा कायदा वाचायला घेतला. मानव बेचबिखन तथा ओसारपसार (नियन्त्रण) ऐन, २०६४, म्हणजे आपल्या हिशेबाने २००७ चा. वाचता वाचता लक्षात आले की आरोपी इकडे आणायच्या नादात आपण जड टोकाला ओढत होतो.

हा कायदा नेपाळी व्यक्तीविरुद्ध देशाबाहेर घडलेल्या कृत्यालाही लागू होतो. माणसाची खरेदी-विक्री सिद्ध झाली तर २० वर्षे कैद आणि दोन लाख नेपाळी रुपये दंड. गुन्हा केला नाही हे दाखवायचा भार आरोपीवर आहे. दंडाच्या किमान निम्म्याइतकी रक्कम पीडितेला भरपाई म्हणून मिळते. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची तरतूद कलम ६ मध्ये आहे: पीडितेने दिलेला जबाब लगेच जिल्हा न्यायालयात नेऊन प्रमाणित करून घ्यायचा, मग पुढे ती न्यायालयात हजर राहिली नाही तरी तो पुरावा म्हणून घेता येतो. ज्या भीतीने आम्ही तिला सात महिने अडकवले, त्या भीतीवरचे उत्तर तिच्या देशाच्या कायद्यात आधीच लिहिलेले होते.

तपास पथकाला हे पटवणे सोपे नव्हते. 'आपला आरोपी तिकडे गेला तर आपली केस पडेल' असा विचार होता. आरोपी तिकडेच होता, हे वारंवार सांगावे लागले. दोन्ही खटल्यांची कृत्ये वेगळी आहेत हेही सांगितले. इथल्या घरवालीने आणि एजंटाने मुलगी घेतली, ठेवली, कमाई खाल्ली. त्यांच्यावरचा खटला दिदीशिवाय चालतो. दिदी फरारी असल्याने तिच्यापुरता पुरावा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९९ खाली नोंदवून ठेवता येतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५६ ने फरारी घोषित आरोपीवर गैरहजेरीत खटला चालवायची सोय केली आहे, पण हे प्रकरण जुन्या संहितेतले.

दोषारोपपत्र दाखल झाले होते, म्हणून न्यायालयातून प्रमाणित नकला काढल्या: फिर्याद, पंचनामा, १६४ चा जबाब, वैद्यकीय अहवाल, कॉलचा तपशील, फोटो. शेठनी नेपाळी भाषांतराला मदत केली, पैसे घेतले नाहीत. एक संच राजनैतिक मार्गाने गेला. दुसरा संच मुलीच्या स्वतःच्या पिशवीत. हा दुसरा संच सगळ्यांना क्षुल्लक वाटला होता. प्रत्यक्षात तोच आधी पोचला.

फाल्गुनात ती घरी गेली. आठवड्याभरात वडिलांबरोबर जाऊन तिने तिथल्या पोलिसांत जाहेरी दरखास्त दिली. आपल्याकडची फिर्याद, तिकडचा हा शब्द. जबाब जिल्हा न्यायालयात प्रमाणित झाला. पाच आठवड्यांनी दिदीला अटक झाली, तिच्याच गावातून, एका लग्नघरातून. तिच्याबरोबर दोन मुली निघायच्या तयारीत होत्या, असे आम्हाला नंतर कळवण्यात आले.

मॅडमना मी फोन केला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "बेड्या मला घालायच्या होत्या, ताई." ही भावना मी समजू शकते. पण त्या बेड्यांसाठी अजून वर्षभर थांबलो असतो, तर त्या दोन मुलीही गोवा एक्सप्रेसने मिरजेला उतरल्या असत्या.

साक्ष

सांगलीच्या खटल्यात मुलीची साक्ष व्हिडिओद्वारे झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये प्रफुल्ल देसाई प्रकरणात अशी साक्ष ग्राह्य धरल्यापासून मार्ग मोकळा आहे. परदेशातला साक्षीदार असेल तर तिथल्या भारतीय दूतावासातला अधिकारी समन्वयक म्हणून बसतो. विजयनगरच्या न्यायालयात सकाळी अकराची वेळ होती. अकराला पडदा सुरू केला तर काठमांडूत ती पाव तास आधीपासून वाट बघत होती. नेपाळचे घड्याळ आपल्या पंधरा मिनिटे पुढे असते, हे नोटिशीत कुणी लिहिले नव्हते. पुढच्या तारखेच्या नोटिशीत मी दोन्ही वेळा लिहून घेतल्या.

उलटतपासात तिला विचारले, 'तुझी जबाबदारीच सोपवली होती ना?' रोख पहिल्या जबाबाकडे होता. तिने दुभाष्याकडे बघितले नाही. थेट कॅमेऱ्याकडे बघत मराठीत म्हणाली, "नाही. विकलं." निवासात शिकलेले मराठी. न्यायाधीशांनी ते शब्द तसेच नोंदवून घेतले.

घरवाली आणि एजंट यांच्यावरचा खटला आता अंतिम युक्तिवादावर आहे. दिदीचा खटला तिकडच्या जिल्हा न्यायालयात सुरू आहे, आणि सांगलीच्या फाइलवर ती अजूनही 'फरारी आरोपी क्र. ३' आहे. तिच्या अटकेचा अधिकृत कागद मागवण्यासाठी मी अर्ज दिला आहे. पीडित भरपाईचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखल आहे. मुलीचे भारतात बँक खाते नाही, आधार नाही, त्यामुळे रक्कम मंजूर झाली तरी ती कुठे जमा करायची, हा प्रश्न पुढच्या तारखेला मांडायचा आहे.